टायर एका दिवसात ठरत नाहीत

१९ ऑक्टोबर

डार्सीशी फोनवर भांडले. भांडण नेहमीचंच, पण आज रागाच्या भरात मी पैज लावून बसले आहे. ती कुठेतरी लिहून ठेवावी म्हणून ही वही काढली. उद्या माझी लेक म्हणायला नको की आईने शब्द फिरवला.

पैज अशी: पहिला बर्फ पडल्यापासून चिखलाचा मोसम संपेपर्यंत, म्हणजे मे उजाडेपर्यंत, माझी पिकअप रुतली आणि ती ओढून काढायला कुणाला बोलवावं लागलं, तर मी हे टेकडीवरचं घर विकायचं आणि अ‍ॅरिझोनात डार्सीकडे राहायला जायचं. एकदाही ओढावी लागली नाही, तर तिने हा विषय पुन्हा काढायचा नाही.

डार्सीचंही अगदीच चुकत नाही. माझा नवरा जेरार्ड गेल्यापासून मी इथे एकटी, आणि गेल्या एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात तीनदा रुतले. तिन्ही वेळा दुकानवाल्या फर्नच्या नवऱ्याने ट्रॅक्टर आणून ओढलं. आपल्याकडची रीत अशी की जो रुतला त्याने ओढणाऱ्याला घरी बोलावून जेवू घालायचं. तीन जेवणं घातली. तिसऱ्या जेवणाला तो बिचारा म्हणाला, "रोवीना, तुझ्या हाताला चव आहे, पण आता टायर बघ."

अ‍ॅरिझोनात माझ्यासाठी खोली तयार आहे म्हणे. तिथे बारा महिने ऊन असतं. बारा महिने ऊन असल्यावर माणसं बोलतात तरी कशाबद्दल?

टायर नेहमी जेरार्ड आणायचा. टायर काळा असतो आणि गोल असतो, माझं ज्ञान इथे संपतं.

२२ ऑक्टोबर

चौकातल्या ऑल्डनच्या गॅरेजात गेले. ऑल्डन गोची शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. अजूनही तेच. लग्न केलं नाही त्याने, का ते देव जाणे. माणूस वाईट नाही.

मी म्हटलं, "न रुतणारे टायर दे."

त्याने टोपी मागे सरकवली. "तसे नसतात."

"मग कमी रुतणारे दे."

"बर्फात की चिखलात?"

"दोन्हीत! व्हरमाँटमध्येच राहतोस ना तू?"

मग त्याने दोन टायर गडगडवत आणले आणि मला ओणवं करून दाखवले. एक चिखलाचा: मोठे मोठे ठोकळे, मध्ये रुंद फटी. चाक फिरलं की फटींतला चिखल बाहेर फेकला जातो. पण रबर कडक, थंडीत आणखी कडक होतं, आणि दाबून बसलेल्या बर्फावर तो साबणाच्या वडीसारखा घसरतो. दुसरा बर्फाचा: रबर मऊ, कडाक्याच्या थंडीतही मऊच राहतं, आणि ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा. त्या चिरा बर्फाला धरतात. पण त्यांत चिखल भरला की खेळ खलास.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"विचार कर. टायर एका दिवसात ठरत नाहीत. उद्या ये, आणखी एक दाखवतो."

गेल्या वर्षी फर्नने टायर घेतले तेव्हा तिला त्याने अर्ध्या तासात वाटेला लावलं होतं. पण फर्नची गाडी लहान आहे, म्हणून असेल.

२६ ऑक्टोबर

गुरुवारी गेले, शुक्रवारीही गेले. एक शंका राहिली होती.

शंका अशी की जवळजवळ प्रत्येक टायरच्या कडेवर 'चिखल आणि बर्फ' अशा अर्थाची अक्षरं असतात. मग निवडायचं काय? ऑल्डन म्हणाला, "त्या अक्षरांवर जाऊ नकोस. ती सगळेच छापतात. डोंगर आणि डोंगराच्या पोटात बर्फाची चांदणी, अशी खूण शोध. ती असली तर टायर बर्फात चालवून बघितलेला आहे."

त्याने पेनीची युक्तीही शिकवली. नाणं उलटं करून ठोकळ्यांच्या मधल्या खाचेत खोचायचं. नाण्यावरच्या माणसाचं डोकं सगळं दिसलं, तर टायर झिजून संपला.

आज प्रार्थना झाल्यावर मी चर्चच्या आवारातल्या सगळ्या गाड्यांना पेनी लावत फिरले. पाद्रीबाबांच्या मागच्या टायरात डोकंच काय, डोक्यावरची अक्षरंही दिसली.

"पेल्कीबाई, काही हरवलं का?" ते मागून म्हणाले.

"माझं नाही, तुमचं. तुमचा टायर गेलाय."

ऑल्डनच्या पिकअपच्या खाचेत नाणं असं बुडालं की काढताना नख तुटलं. अख्ख्या गावात इतके चांगले टायर नाहीत. मला उगाचच फार बरं वाटलं. दुकानदाराचा माल चांगला असला की गिऱ्हाइकाला बरं वाटतंच.

२ नोव्हेंबर

दूध आणायला फर्नच्या दुकानात गेले, तर ती गल्ल्यामागून ओरडली, "आली गं टायरवाली! काय, ठरले का?"

"घाई कशाला?"

"मी लग्नाला नवरा ठरवला तेव्हाही इतका वेळ घेतला नव्हता."

"म्हणून तर तो तसा निघाला," मी म्हटलं. ती खोखो हसली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि हा निळा स्कार्फ कशाला गं? गॅरेजला?"

गॅरेज फार थंड असतं. निळाच स्कार्फ सगळ्यांत गरम आहे. फर्नला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं, पण तिला चष्मा बदलायला हवा.

९ नोव्हेंबर

आज इतकी हसले की अजून बरगड्या दुखताहेत!

मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. दुकानाच्या कोपऱ्यात एक चिखलाचा टायर उभा होता, हा एवढा रुंद, असा दांडगा की नुसता फोटो पाठवला तरी डार्सी गप्प बसावी. मी म्हटलं, "हे चार."

ऑल्डन म्हणाला, "नको."

"गिऱ्हाईक मी आहे."

"हो. तरी नको. चल, दाखवतो."

पहिला बर्फ कालच पडलाय, खाली माती अजून ओली. त्याच्या मागच्या शेतात दोन गाड्या उभ्या होत्या. एक गॅरेजची जुनी, तिला तेच दांडगे टायर. दुसरी त्याची स्वतःची, तिचे अरुंद. "आधी दांडगे चालव," म्हणाला आणि शेजारी बसून त्याने पट्टा घट्ट आवळला.

मी पाय दाबला मात्र, गाडी नाचायलाच लागली! मागचं पुढे, पुढचं मागे, मी किंचाळतेय, ऑल्डन दाराची मूठ धरून "हळू... हळू..." असं पुटपुटतोय, आणि आम्ही दोघं एक सुंदर गिरकी घेऊन गवताच्या गंजीत जाऊन थांबलो. काचेवर गवत, टोपीवर गवत. मला हसू आवरेना. आणि मग ऑल्डन हसला. दात दिसेपर्यंत हसला. शाळेपासून ओळखते मी त्याला, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याची गाडी चालवली. शहाण्या घोड्यासारखी चालली.

"रुंद टायर मऊ थरावर तरंगतो," तो सांगत होता. "तुझ्या टेकडीच्या रस्त्याला खाली दगडी तळ आहे. अरुंद टायर वरचा गाळ कापत जाऊन तळावर टेकतो. टेकला की चढला."

एका दमात इतकं बोलताना मी त्याला प्रथमच ऐकलं. मी त्याला पैजेचं सगळं सांगून टाकलं. हरले तर घर विकायचं आणि अ‍ॅरिझोनात जायचं, हेही. तो बराच वेळ केसांतलं गवत काढत राहिला. गवत त्याच्या केसांत नव्हतंच, माझ्या होतं.

"मग चुकून चालणार नाही," एवढंच म्हणाला.

१२ नोव्हेंबर

टायर ठरले आणि बसलेही. अरुंद, डोंगर-चांदणीची खूण असलेले, ठोकळ्यांत पुरेशा फटी, आणि ठोकळ्यांवर चिराही. चिखलातला राजा नाही, बर्फातला राजा नाही, पण दोन्हीकडे घर सांभाळणारा. मागच्या हौद्यात वजनाला वाळूची पोती टाकून दिली त्याने. निघताना बजावलं, "अडकलीस तर चाक गरगर फिरवत बसू नकोस. फिरणारं चाक स्वतःचाच खड्डा खणतं."

घरी आले तर उगाचच उदास वाटतंय. दुपारचं सूप बाधलं असणार. आता गॅरेजात जायचं काही काम उरलं नाही.

१८ नोव्हेंबर

काम निघालं! थंडी वाढली की टायरमधली हवा कमी होते, म्हणून ती दर आठवड्याला तपासावी लागते. ऑल्डननेच सांगितलं. जेरार्डचं हवा मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे, पण त्याचा काटा मला जरा संशयास्पद वाटतो.

१४ जानेवारी

रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी फाटकाचं टोकही दिसत नव्हतं. डार्सीचा फोन आला, आवाजात आशा. मी तिला फोनवर ठेवूनच गाडी काढली. खालच्या वळणापर्यंत गेले, वळवली, आणि चढ असा चढून आले की शेजारच्या शेळ्यांनी बघून शिकावं! मी आरोळी ठोकली. डार्सी म्हणाली, "आई, तू गाडी चालवतेयस की रोडिओतल्या उधळलेल्या घोड्यावर बसलीयेस?"

"दोन्ही!"

नंतर हवा तपासायला गेले आणि ऑल्डनला सगळं करून दाखवलं, आवाजासकट. त्याने कॉफी केली. कप धुतलेला होता. गॅरेजात धुतलेला कप म्हणजे काय ते गाववाल्यांनाच कळेल.

२३ मार्च

ग्रेंजच्या, म्हणजे शेतकरी संघाच्या, सभागृहात पाकाचं जेवण. मेपलच्या झाडाच्या रसाचा पहिला पाक उकळून ताटातल्या बर्फावर ओतला, त्याची चिवट दोरी काट्याला गुंडाळून खाल्ली. गोडाने तोंड मिटलं की आंबट काकडी, मग डोनट, मग परत पाक. मी हा फेरा किती वेळा केला ते देवाला माहीत आणि त्याने ते डार्सीला सांगू नये.

ऑल्डन माझ्या शेजारी बसला. म्हणजे दुसरीकडे जागा नव्हती. होती, पण वाऱ्याची.

लोक रुतायच्या गोष्टी सांगत होते. कोण कुठे रुतला, कुणी ओढलं, कुणाकडे काय जेवले. फर्नचा नवरा तर माझ्या तिन्ही जेवणांचं वर्णन करून मोकळा झाला. मी ऑल्डनला विचारलं, "तुझी गोष्ट?"

"मी रुतलो नाही कधी."

"एकदाही नाही?"

"टायर चांगले आहेत."

"म्हणजे कुणी ओढलं नाही, आणि कुणाला घरी जेवायला बोलावलंही नाहीस? आयुष्यात?"

"बोलवायला कारण नव्हतं," तो म्हणाला.

मला फार वाईट वाटलं. म्हणून मी थट्टेने म्हटलं, "अरे, एकदा रुतून तर बघ! त्याशिवाय माणसांची ओळख होत नाही."

तो आंबट काकडी हातात धरून बसून राहिला. सभागृह रिकामं व्हायला लागलं तरी काकडी तशीच. पलीकडून फर्न आमच्याकडे बघत होती आणि नवऱ्याला कोपराने ढोसत होती. काकडी कुणी कशी धरावी यातही तिला काहीतरी दिसतं.

९ एप्रिल

चिखल! वरची माती सुटली, खालची अजून गोठलेली, पाण्याला जायला वाट नाही, आणि माझा रस्ता म्हणजे सहा मैल चॉकलेटची खीर. चाकोऱ्या गुडघाभर खोल. मी चाकोरीत उतरत नाही, तिच्या दोन्ही काठांवर चाकं ठेवून जाते, ऑल्डनने शिकवलं तसं. अजून एकदाही रुतले नाही. मेपर्यंत थोडेच दिवस उरलेत. देवा, सांभाळ.

१३ एप्रिल, सकाळ

हे लिहायलाच हवं.

काल दुपारी फोन वाजला. ऑल्डन. "रोवीना, मी रुतलो."

"तू? कुठे?"

"तुझ्या फाटकाच्या खाली. ओढशील का?"

मी साखळी घेऊन निघाले. त्याची पिकअप चिखलात पोटापर्यंत बसलेली, आणि तो शेजारी उभा, अंगात इस्त्रीचा शर्ट! मी टायर बघितले आणि थक्क झाले. गुळगुळीत, उन्हाळ्याचे, पेनीही लावायची गरज नाही. आणि मागच्या हौद्यात, ताडपत्रीखाली, त्याचे ते सुंदर चार टायर रिम्ससकट पडलेले.

"हे काय?" मी विचारलं.

"वजनाला," तो म्हणाला. कान लाल झाले होते. वारं बोचरं होतं.

वजन मागे टाकायचंच असतं, हे खरं. पण वाळू टाकायची ना! टायरचं दुकान चालवणाऱ्या माणसाने टायर पाठीवर घेऊन फिरावं, याला काय म्हणायचं? मी खूप हसले आणि हसत हसतच साखळी लावली. तिथेच घात झाला. त्याची गाडी हलेना, तेव्हा मी चिडून पाय दाबला आणि चाकं गरगर फिरवली. नेमकं तेच, जे करू नको म्हणून त्याने बजावलं होतं. माझी गाडी काठावरून घसरून चाकोरीत गेली आणि बसली. चांगलीच बसली.

मी खाली उतरले आणि चिखलातच मटकन बसले. माझं घर, जेरार्डची सफरचंदाची झाडं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा तो डोंगर, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. रडू आलं, लपवलं नाही.

ऑल्डनचा चेहरा पांढरा पडला. "मला हे नको होतं," तो परत परत म्हणत होता. "रोवीना, हे नको होतं मला."

"फर्नच्या नवऱ्याला बोलावते," मी म्हटलं. "हरले मी."

"कुणालाही बोलवायचं नाही!" तो चक्क ओरडला. शाळेपासून मी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "आज आकाश स्वच्छ आहे. पहाटे जमीन गोठणार. थांब तू."

त्याने फावडं घेतलं आणि अंधार पडेपर्यंत माझ्या चारी चाकांभोवतीचा चिखल उकरला, नाहीतर चाकं चिखलातच गोठली असती. प्रत्येक चाकापुढे फळ्या सरकवल्या. इस्त्रीच्या शर्टाची दशा बघवत नव्हती. मग आम्ही चालत वर आलो, शनिवारची घेवड्याची उसळ होतीच, ती खाल्ली, पत्ते खेळलो. तो शेगडीजवळच्या खुर्चीत झोपला. घोरत नाही.

पहाटे रस्ता दगडासारखा टणक. मी गाडीत बसले, ऑल्डन बाजूला श्वास रोखून उभा. पहिला गिअर, हळू, चाक अजिबात गरगरू न देता. टायरने फळी धरली, मग कड धरली, आणि गाडी आपल्या पायांनी वर आली! मी ओरडले, तोही ओरडला, आणि आम्ही एकमेकांना मिठी मारली. थंडी फार होती.

१३ एप्रिल, दुपार

डार्सीला फोन करून सगळं सांगितलं. पैज म्हणजे पैज, लपवाछपवी नाही.

"कुणी ओढलं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही. पण रुतले तर होतेच."

"शब्द होते 'ओढायला बोलवावं लागलं तर'. तू जिंकलीस, आई." आणि लगेच, "एक मिनिट. त्याचे चांगले टायर गाडीच्या मागे होते?"

"वजनाला."

"आणि शर्ट इस्त्रीचा?"

"हो."

"आणि तुमच्याकडे जो रुततो, त्याने ओढणाऱ्याला घरी जेवायला बोलवायचं असतं?"

"ते तुला माहीतच आहे."

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं फोन तुटला. मग कळलं की डार्सी हसतेय, इतकी की तिला बोलता येत नाहीये. शेवटी म्हणाली, "आई, तू अ‍ॅरिझोनात येऊ नकोस हं. मी विषय बंद केला. पण तू जरा शांत बसून विचार कर."

बसले. सफरचंदाच्या झाडांकडे बघत बसले. कॉफी गार झाली.

अगं बाई!

१४ एप्रिल

निळा स्कार्फ बांधून गॅरेजात गेले. गॅरेज थंड नव्हतं.

ऑल्डन ओणवा होऊन काहीतरी करत होता. त्याच्या पिकअपला परत चांगले टायर लागलेले. मागच्या शेगडीवर भांडं ठेवलेलं होतं आणि मांसाच्या रश्शाचा वास सुटला होता.

"हे काय शिजतंय?"

"रस्सा." तो उठून उभा राहिला. "पाकाच्या जेवणापासून शिकतोय. आता जमायला लागलाय."

"ऑल्डन गोची, सरळ जेवायला ये म्हणायला काय झालं होतं?"

त्याने टोपी काढली, बघितली, परत घातली. "कारण नव्हतं."

"आणि मी घर गमावून बसले असते तर?"

"म्हणूनच रात्रभर झोपलो नाही," तो म्हणाला. "खुर्चीत नुसता बसलो होतो. खिडकीतल्या थर्मामीटरकडे बघत." त्याने भांड्यावरचं झाकण सरळ केलं. "रोवीना, आता रीतही लागू होत नाही. तू मला ओढलंच नाहीस. माझी गाडी चिखलात गोठून बसली होती, दुपारी ऊन पडल्यावर चांगले टायर चढवून मीच काढली."

तो इतका पडेल चेहरा करून उभा होता की मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी भांड्याचं झाकण काढून चमचाभर रस्सा चाखला. मीठ कमी होतं. सांगितलं नाही.

"शनिवारी टेकडीवर ये," मी म्हटलं. "जुने टायर लावून ये. फाटकाच्या खाली नीट रुत. मी माझ्या टायरने तुला ओढीन, आणि मग तुझ्याकडे जेवायला येईन. रीत म्हणजे रीत."

मग दात दिसेपर्यंत हसला.

"आणि ऑल्डन," मी दारातून वळून म्हटलं, "चांगले टायर घरीच ठेव. ओढायला जड पडतात."